चार वर्षांत डॉक्टर? पदवीनंतर परदेशी मेडिकलचं गणित

गेल्या वर्षीच्या जूनमधली गोष्ट. बी.एस्सी.चा निकाल लागून आठवडा झाला असेल. माझी एक विद्यार्थिनी वडिलांना घेऊन स्टाफरूममध्ये आली. वडिलांच्या हातात गुळगुळीत कागदाचं माहितीपत्रक होतं. त्यावर पांढरे कोट घातलेली हसरी पोरं आणि वर ठळक अक्षरांत, ‘ग्रॅज्युएट आहात? फक्त ४ वर्षांत डॉक्टर व्हा!’ वडील एसटीत आहेत, हिशेबाला पक्के. म्हणाले, “मॅडम, इथे एमबीबीएसला साडेपाच वर्षं, तिकडे चार. दीड वर्ष वाचतंय. शिवाय नीटची गरज नाही म्हणतायत. काय करावं?”

मी ते पत्रक उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं, ४ × १२ = ४८. त्याच्यावर ५४ लिहून वजाबाकीची रेघ मारली. खाली आले ६.

“हे सहा कसले?” त्यांनी विचारलं. ते समजावण्यात पुढचा तास गेला आणि दोन वेळा चहा झाला. मी मायक्रोबायोलॉजी शिकवते, समुपदेशक वगैरे नाही. पण वीसेक वर्षं पोरांची शिफारसपत्रं लिहिता लिहिता या फॉर्मांची आणि नियमांची सवय झाली आहे. त्या दिवशी जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर मांडते.

ही चार वर्षं येतात कुठून

आपल्याकडे डॉक्टरकीचा रस्ता बारावीला फुटतो. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, मग नीट, मग एमबीबीएस. बी.एस्सी. किंवा बी.फार्म. झालेल्याला वैद्यकीय शिक्षणात थेट वरच्या वर्षाला घेणारी सोय भारतात नाही. पदवीधराला डॉक्टर व्हायचं तर त्यानेही नीटच द्यायची आणि अठरा वर्षांच्या पोरांबरोबर पहिल्या वर्षाला बसायचं. त्यातल्या त्यात बरी गोष्ट म्हणजे २०२२ पासून नीटला वरची वयोमर्यादा उरलेली नाही.

अमेरिकेत आणि कॅनडात बहुतेक ठिकाणी उलटं आहे. तिथे आधी कुठली तरी पदवी घ्यायची आणि मग चार वर्षांचा एमडी. हा एमडी म्हणजे आपला एमबीबीएसनंतरचा एमडी नव्हे. तो त्यांचा पहिलाच वैद्यकीय अभ्यासक्रम, म्हणजे आपल्या एमबीबीएसच्या जागी. आपल्या गावाकडे ‘मुलगा एमडी करतोय’ म्हटलं की लोक चपापून बघतात, आणि या नावाच्या घोळाचा फायदा माहितीपत्रकवाले पुरेपूर घेतात. ऑस्ट्रेलियातही मेलबर्न, सिडनी, क्वीन्सलँड अशा बऱ्याच विद्यापीठांत आता पदवीनंतरचा चार वर्षांचा एमडी असतो. इंग्लंड-आयर्लंडमध्ये दोन्ही रस्ते शेजारी शेजारी आहेत: शाळा संपवून येणाऱ्यांसाठी पाच-सहा वर्षांचा, पदवीधरांसाठी चार वर्षांचा.

म्हणजे चार वर्षं ही सवलत नाही. तुमच्या पदवीची तीन-चार वर्षं आधीच मोजून घेतलेली असतात. त्या देशांच्या दृष्टीने हिशेब चोख आहे. पंचाईत होते ती हा हिशेब भारतात आणून मांडल्यावर.

शेवटून मोजायला लागा

पोरं विचारतात, “कुठलं कॉलेज चांगलं?” मी उलटं विचारते, “चाळिशीत तुझा दवाखाना कुठे असणार?” नाशिकला, की लीड्सला, की मेलबर्नला? हा प्रश्न आगाऊ वाटतो, पण कॉलेज त्यावरूनच ठरतं. वैद्यकीय पदवी ही इंजिनिअरिंगच्या पदवीसारखी खिशात घालून कुठेही नेता येत नाही. प्रत्येक देशाची परवानगी वेगळी, आणि ती द्यायची की नाही हे तुम्ही कुठे, किती महिने, कोणत्या भाषेत शिकलात यावर ठरतं.

भारतात परत येऊन डॉक्टरकी करायची असेल तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे नियम लागू होतात. परदेशी वैद्यकीय पदवीधरांसाठीचे सध्याचे नियम १८ नोव्हेंबर २०२१ चे आहेत. त्यातल्या अटी मी पत्रकाच्या मागे एकाखाली एक लिहिल्या. परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच परदेशी संस्थेत किमान १२ महिन्यांची इंटर्नशिप हवी. शिकवण्याचं माध्यम इंग्रजी हवं. अख्खं शिक्षण एकाच संस्थेत हवं, थोडं इथे थोडं तिथे चालत नाही. त्या पदवीवर त्या देशात, तिथल्या नागरिकाच्या बरोबरीने, डॉक्टर म्हणून नोंदणी मिळायला हवी. सगळं दहा वर्षांच्या आत संपायला हवं. आणि भारतात आल्यावर परीक्षा, शिवाय पुन्हा १२ महिन्यांची इंटर्नशिप.

५४ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. आपल्या एमबीबीएसची इंटर्नशिपआधीची साडेचार वर्षं म्हणजेच ५४ महिने. आयोगाचं म्हणणं सरळ आहे: इथल्या पोराने जितके महिने घासले तितके तुम्हीही घासा. त्यामुळे चार वर्षांचा पदवीधरांचा कोर्स जगातल्या कितीही नामांकित विद्यापीठाचा असला तरी ४८ महिन्यांचाच, आणि सहा महिने कमी ते कमीच. बी.एस्सी.ची तीन वर्षं त्यात मिळवून चालत नाही.

हे सर्वांत जास्त नडलं फिलिपिन्सला गेलेल्यांना. तिथली पद्धत अमेरिकन धाटणीची: आधी बी.एस., म्हणजे त्यांची बी.एस्सी., मग चार वर्षांचा एमडी. बारावीनंतर जाणाऱ्यांना सांगितलं जायचं की दीड-दोन वर्षांचं बी.एस. धरून साडेपाच-सहा वर्षं होतात, म्हणजे नियमात बसतं. आयोगाने ते बी.एस. वैद्यकीय शिक्षण म्हणून मोजायला नकार दिला, कारण त्यात बरंचसं आपल्या अकरावी-बारावीच्या वळणाचं बायोलॉजी असतं. उरले चार वर्षांचे ४८ महिने. बी.एस्सी. झालेल्यांना मात्र वेगळीच गोळी दिली जाते: “तुमचं बी.एस. भारतातच झालंय, थेट एमडीला बसा.” माझ्यासमोरच्या पत्रकात नेमकं हेच होतं. तिथल्या प्रवेशाला एनमॅट नावाची परीक्षा लागते. आपल्याकडे एमबीएच्या प्रवेशाला याच नावाची परीक्षा आहे, आणि एका पोराने खरोखर भलत्याच परीक्षेची पुस्तकं विकत आणली होती.

आता नीट. इंग्लंडचं किंवा अमेरिकेचं विद्यापीठ तुम्हाला नीटचे गुण विचारत नाही, त्यामुळे “नीटची गरज नाही” हे वाक्य अर्धं खरं आहे. पण २०१८ पासून परदेशी वैद्यकीय शिक्षण घेऊन भारतात नोंदणी करायची असेल तर परदेशी प्रवेशाआधी नीट पात्र असणं सक्तीचं आहे. पात्र म्हणजे सरकारी कॉलेज मिळण्याइतके गुण नव्हेत. खुल्या गटाला पन्नासावं पर्सेंटाइल पुरे. तो निकाल परदेशी प्रवेशासाठी तीन वर्षं चालतो. तिथे जाऊन चार वर्षं काढल्यावर “अरे, नीट राहिली” म्हणून काही करता येत नाही. म्हणून परत यायचा विचार दहा टक्के जरी मनात असला, तरी नीट देऊन ठेवा. बी.ई. झालेल्यांचा प्रश्न असतो की बारावीला बायोलॉजीच नव्हती. २०२३ मध्ये आयोगाने मार्ग मोकळा केला: बारावीनंतर मान्यताप्राप्त मंडळाकडून बायोलॉजी किंवा बायोटेक्नॉलॉजी हा वाढीव विषय देता येतो आणि मग नीटला बसता येतं.

परत आल्यावरची परीक्षा म्हणजे एफएमजीई. ३०० प्रश्न, पास व्हायला १५०, साधारण जून आणि डिसेंबरमध्ये होते. अलीकडच्या सत्रांत तिघांत एकसुद्धा पास होत नाही अशी स्थिती आहे. याचा अर्थ बाहेर शिकलेली पोरं मठ्ठ असतात असा नाही. बरेच जण सहा वर्षं दुसऱ्या देशाच्या आजारांवर, दुसऱ्या देशाच्या औषधांवर शिकलेले असतात, रुग्णाशी बोलायची भाषाच धड येत नसल्याने वॉर्डात मागे उभे राहिलेले असतात, आणि इथल्या परीक्षेला एकदम सामोरे जातात.

इंग्लंड: जागा कमी, कागद जास्त

मागच्या एका बॅचमधला मुलगा इंग्लंडला गेला. त्याचा मामा लेस्टरला, घरची द्राक्षबाग निर्यातीची, त्यामुळे पैशाचं गणित वेगळं होतं. त्याच्याबरोबर मी हे सगळं जवळून पाहिलं, म्हणून या देशावर जरा जास्त लिहिते.

तिथे सगळे अर्ज यूकास या एकाच यंत्रणेतून जातात. बाकीच्या बहुतेक विषयांचे अर्ज जानेवारीपर्यंत चालतात, मेडिकलचा १५ ऑक्टोबरला बंद होतो, आणि तोही पुढच्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी. म्हणजे वर्षभर आधी. मेडिकलला जास्तीत जास्त चार विद्यापीठं टाकता येतात. प्रत्येक कोर्सला कोड असतो. पाच-सहा वर्षांचा नेहमीचा कोर्स बहुधा ए-१००, पदवीधरांचा चार वर्षांचा बहुधा ए-१०१ किंवा ए-१०२. वॉरिक विद्यापीठाचा वैद्यकीय कोर्स फक्त पदवीधरांसाठीच आहे आणि तिथे कुठल्याही विषयाची पदवी चालते. इतिहास शिकलेले लोकही तिथून डॉक्टर झालेत. आपल्याकडे हे सांगितलं की लोकांना थट्टा वाटते.

पण पदवीधरांच्या या कोर्सेसमधले काही परदेशी विद्यार्थ्यांना घेतच नाहीत. स्कॉटलंडचा स्कॉटजेम हा त्यातलाच. आणि इंग्लंडमध्ये एकूण मेडिकल जागांपैकी परदेश्यांसाठी साधारण साडेसात टक्क्यांच्या आसपासच ठेवलेल्या असतात. म्हणून संकेतस्थळावरचं ‘पदवीधरांचं स्वागत’ वाचून हुरळून जाऊ नका. त्याखालचं ‘परदेशी विद्यार्थी’ पान उघडा आणि तीन गोष्टी शोधा: आपल्याला घेतात का, आपली पदवी त्यांच्या हिशेबात कुठल्या श्रेणीत बसते, आणि बारावीची केमिस्ट्री-बायोलॉजी अजूनही बघतात का. हो, पदवी झाली तरी काही ठिकाणी बारावीचे गुण पाठ सोडत नाहीत.

आमच्या पोराने शेवटी दोन चार-वर्षांचे आणि दोन पाच-वर्षांचे कोर्स टाकले. पाच वर्षं म्हणजे ६० महिने, त्यामुळे भारताचा ५४ महिन्यांचा उंबरठा ओलांडला जातो. तरी इंटर्नशिपची मेख राहतेच. तिथे पदवीनंतरचं पहिलं वर्ष, ज्याला ते एफ-१ म्हणतात, ते सरकारी आरोग्यसेवेच्या कुठल्याही रुग्णालयात होऊ शकतं, आणि आपला नियम म्हणतो ‘त्याच संस्थेत’. परत यायचं असेल तर हा खुलासा प्रवेश घेण्याआधी आयोगाकडून लेखी घ्यावा. तोंडी “होऊन जाईल” म्हणणारा माणूस सहा वर्षांनी फोन उचलत नाही.

फीचंही बोलून टाकू. परदेशी विद्यार्थ्याला वर्षाला ४० हजार पौंडांच्या पुढे मोजावे लागतात, म्हणजे आपल्या पैशात चाळीस-पंचेचाळीस लाखांच्या वर, आणि राहणं-खाणं निराळं. बाग विकून जायचं की नाही यावर त्यांच्या घरात दोन महिने धुसफूस चालली होती. शेवटी विकली नाही, गहाण ठेवली.

प्रवेशपरीक्षा दोन प्रकारच्या. बरीच विद्यापीठं यूकॅट बघतात, काही गॅमसॅट. यूकॅट जुलै ते सप्टेंबरमध्ये संगणकावर होते. तिच्यात ज्ञान तपासत नाहीत, वेग तपासतात. उताऱ्यांच्या भागात २२ मिनिटांत ४४ प्रश्न. अर्ध्या मिनिटात उतारा चाळून, प्रश्न वाचून, उत्तर ठोकायचं. आमचा पोरगा वर्गात पहिला यायचा, पण त्याला प्रत्येक ओळ दोनदा वाचायची सवय. पहिल्या सराव चाचणीत तो विसाव्या प्रश्नावरच अडकला आणि वेळ संपली. २०२५ पासून या परीक्षेतला आकृत्यांच्या मालिकांचा भाग काढून टाकला आहे, त्यामुळे जुनी पुस्तकं आणि जुने ‘३६०० पैकी’ गुण विसरा. आता एकूण २७०० पैकी.

गॅमसॅट अगदी दुसऱ्या टोकाची. विज्ञान आहेच, पण त्याच्याबरोबर साहित्य-समाजशास्त्राच्या उताऱ्यांवर प्रश्न आणि ६५ मिनिटांत दोन निबंध. समोर चार-पाच अवतरणं ठेवतात, त्यावर आपलं मत मांडायचं. आपल्या सायन्सच्या मुलांनी शेवटचा निबंध दहावीला लिहिलेला असतो, तोही ‘मी पंतप्रधान झालो तर’. त्यांना मी सांगते, रोज एक पान लिहा, विषय कुठलाही घ्या, आणि ते दुसऱ्या दिवशी स्वतःच तपासा.

‘लहानपणापासून स्वप्न होतं’

यूकासमध्ये स्वतःबद्दल लिहायला पूर्वी मोकळं पान असायचं. २०२६ च्या प्रवेशांपासून तीन प्रश्न आले: हा कोर्स का, शिक्षणाने तुम्हाला याची तयारी कशी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलंत. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, मोकळ्या जागाही त्यात मोजतात.

पोराने पहिला मसुदा आणला. सुरुवात होती, लहानपणापासून पांढऱ्या कोटाचं आकर्षण. दुसऱ्या परिच्छेदात आजीचं आजारपण. तिसऱ्यात मानवतेची सेवा. मी विचारलं, “तू ग्रामीण रुग्णालयात तीन महिने जात होतास ना, तिथे काय केलंस?” म्हणाला, “काही नाही मॅडम, केसपेपरच्या खिडकीशी बसायचो.” मग बोलता बोलता निघालं. रक्ततपासणीला उपाशीपोटी या असं सांगितलेली माणसं रोज परत पाठवली जायची. का, तर येताना चहा घेतलेला. “चहा काय खाणं असतंय का?” असं ती म्हणायची. वीस-पंचवीस किलोमीटरवरून आलेली, रोज बुडवलेला. चौथ्या दिवसापासून हा पोरगा चिठ्ठीवर पेनाने लिहायला लागला, ‘चहासुद्धा नको, पाणी चालेल’. परत जाणारी माणसं कमी झाली. किती कमी, ते त्याने मोजलं नव्हतं, आणि मी त्याला आकडा रचू दिला नाही.

त्याच्या अर्जात शेवटी तो चहा राहिला, आजी गेली. तिकडच्या निवड समितीला तुम्ही किती शस्त्रक्रिया लांबून पाहिल्या यापेक्षा तुम्हाला काय दिसलं आणि त्यावर तुम्ही काय विचार केलात हे हवं असतं. पदवीधराकडे अठरा वर्षांच्या मुलापेक्षा हेच जास्त असतं. लॅबमध्ये नोकरी, औषधाचं दुकान, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चार वर्षं केलेली उस्तवार: ही भांडवलाची बाजू लपवू नका.

मुलाखत बहुतेक ठिकाणी एमएमआय पद्धतीची असते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ती रुळवली. एका टेबलावर पाच-सात मिनिटं, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. कुठे नैतिक पेच, कुठे नटाला रुग्ण बनवून बसवलेलं. आम्ही स्टाफरूममध्ये सराव घेतला. झूऑलॉजीच्या सरांना आजोबा केलं: साखर वाढलेली, पण गणपतीत रोज चार मोदक. पोराने पहिल्यांदा पाच मिनिटं इन्सुलिनवर व्याख्यान दिलं. सर शांतपणे म्हणाले, “बाळा, माझं ऐकतोस का जरा?” दुसऱ्यांदा त्याने नुसतं विचारलं, “आजोबा, रोज चार का?” सर म्हणाले, “ही गेल्यापासून नैवेद्याला मी एकटाच. वाया कसा घालवू?” पोरगा गप्प झाला, मग म्हणाला, “नैवेद्य दोनाचाच केला तर?” त्या टेबलावरचे गुण इथे मिळतात.

आमच्या बाजूची कटकट

शिफारसपत्राबद्दल एक शिक्षक म्हणून सांगते. मुलं स्वतःच मजकूर लिहून आणतात आणि सहीला पुढे करतात. त्यात सगळेच ‘परिश्रमी, प्रामाणिक व नेतृत्वगुणसंपन्न’ असतात. अशा पत्रांचा ढीग वाचणाऱ्याला काय वाटत असेल! मला महिनाभर आधी सांगा, म्हणजे मी आठवून लिहीन की हिची जिवाणू वाढवायची प्लेट एकदा दूषित झाली होती आणि हिने कुणाला न सांगता लपवायच्या ऐवजी तीनदा प्रयोग परत केला. तुम्हाला ती गोष्ट लाजिरवाणी वाटते, पण पत्रात तीच उठून दिसते.

दुसरी कटकट नावाची. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचं नाव, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. कुणाच्या बारावीच्या कागदावर वडिलांच्या नावाला ‘राव’ आहे, पदवीला नाही. परदेशी कार्यालयातला माणूस ही तीन वेगळी माणसं समजतो. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या सत्रांचे गुण एकत्र करून विद्यापीठाने दिलेला सहीशिक्क्याचा कागद, काढायला काही आठवडे जातात, आणि नावाची दुरुस्ती निघाली तर महिने. ऑक्टोबरचा अर्ज असेल तर हे काम एप्रिलमध्ये सुरू करा.

अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि बाकीचे

अमेरिकेबद्दल मी मुलांना थोडं नाउमेद करूनच पाठवते. दरवर्षी एमडीच्या २२ हजारांहून जास्त जागा भरतात, पण त्यात परदेशी नागरिक अगदी मूठभर. पुष्कळ कॉलेजं त्यांचा अर्जच घेत नाहीत. काही घेतात, पण फीची मोठी रक्कम आधीच बँकेत अडकवून ठेवायला सांगतात. आणि खरी अडचण तुमच्या बी.एस्सी.ची आहे: मध्यवर्ती अर्जयंत्रणा परदेशी गुणपत्रिका पडताळत नाही, आणि बहुतेक कॉलेजांना बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्सचे ठरावीक विषय अमेरिकन किंवा कॅनेडियन कॉलेजात केलेले हवे असतात. म्हणजे आधी तिथे वर्ष-दोन वर्षं शिकायचं, मग एमकॅट ही साडेसात तासांची प्रवेशपरीक्षा, मग अर्ज. एमबीबीएस भारतात करून नंतर अमेरिकेच्या परवाना परीक्षा देणं हा आपल्या डॉक्टरांचा रुळलेला रस्ता आहे, आणि त्याला कारण आहे.

ऑस्ट्रेलियात पदवीधरांना परदेशी म्हणून जागा मिळणं त्या मानाने जमण्यासारखं आहे. तिथे गॅमसॅट किंवा अनेक ठिकाणी एमकॅट चालते. पण शिक्षण संपल्यावर इंटर्नशिपच्या जागा वाटताना तिथले नागरिक आणि कायमचे रहिवासी आधी. इंटर्नशिप नाही तर पूर्ण नोंदणी नाही. म्हणून ‘प्रवेश मिळेल का’ याच्याबरोबर ‘गेल्या काही बॅचच्या परदेशी मुलांना इंटर्नशिप कुठे मिळाली’ हेही विद्यापीठाला विचारा. आयर्लंडचं तसंच: काही विद्यापीठांत पदवीधरांचा कोर्स आहे, इंटर्नच्या जागांना युरोपातल्यांचा नंबर आधी.

या श्रीमंत देशांतून तिथेच स्पेशलायझेशन पूर्ण केलेल्यांसाठी भारताच्या नियमांत वेगळी वाट आहे. अमेरिका, इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड हे ते पाच देश. पण तो विचार दहा-बारा वर्षांनंतरचा, त्याच्या भरवशावर आज कोर्स निवडू नका.

राहिले रशिया, जॉर्जिया, कझाकस्तान. तिथे पदवीधरांसाठी वेगळा रस्ता नाही, बारावीवाल्यांबरोबरच सहा वर्षं. बी.एस्सी.चं काही वजा होत नाही, फी मात्र मध्यमवर्गाच्या आवाक्यातली. इंग्रजी माध्यम खरोखर शेवटच्या वर्षापर्यंत आहे का, हे तिथे शिकणाऱ्या दोघा-तिघांना विचारल्याशिवाय पैसे भरू नयेत. आणि युद्धाचंही विसरू नये: २०२२ मध्ये युक्रेनमधून आपली हजारो पोरं अर्धवट शिक्षण टाकून परतली, त्यांच्या पुढच्या शिक्षणाचा गुंता कितीतरी दिवस चालला.

त्या पत्रकाचं पुढे काय झालं

द्राक्षवाल्या पोराला चारपैकी एका ठिकाणाहून मुलाखतीचं बोलावणं आलं, पाच वर्षांच्या कोर्सचं. तिथे गेला. परत यायचा सध्या विचार नाही म्हणतो, तरी जाण्याआधी मी त्याला नीट द्यायला लावली.

एसटीवाल्यांच्या मुलीने ते चार वर्षांचं प्रकरण सोडलं. एजंटाने आगाऊ घेतलेले पंचवीस हजार परत मिळाले नाहीत. ती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली आणि रात्री नीटचा अभ्यास करून यंदा बसली. पात्र झाली, पण सरकारी कॉलेजाला गुण पुरले नाहीत. आणखी एकदा देणार आहे, आणि तोवर घरात जॉर्जियाची चौकशी चालू आहे. परवा वडिलांचा डेपोतून फोन आला. मागे गाड्यांचे भोंगे वाजत होते.

“मॅडम, तुमचा तो कागद काढलाय मी. सहा वर्षं म्हणजे बहात्तर महिने ना?”

“हो.”

“बहात्तर वजा चोपन्न, अठरा जास्त होतायत.”

“बरोबर.”

“मग जास्तीचे चालतात ना?”

“चालतात,” मी म्हटलं. “माध्यमाचं विचारलंत का?”

पलीकडे जरा वेळ नुसतेच भोंगे. मग म्हणाले, “आज संध्याकाळी विचारतो.”